आत्याची सकाळची गोळी

रविवार, रात्री साडेआठ

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. मी बरी आहे. म्हणजे आज बरी आहे, आणि गेले सहा आठवडे बहुतेक दिवस बरी होते. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर हे जमत नाही. तीनदा प्रयत्न केला. मी "बाबा, एक विचारायचं होतं" म्हटलं की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, आणि आईचा आवाज कानावर पडला की मी अभ्यासाचं, थंडीचं, कपडे वाळत नसल्याचं बोलत सुटते. पत्राचं तसं नाही. आधी तुम्ही वाचाल, मग चष्मा पुसून पुन्हा वाचाल आणि मगच आईच्या हातात द्याल.

विचारायचंय ते आत्याबद्दल. पण आता इतक्या वर्षांनी तिचा विषय का काढतेय हे कळायला आधी माझं ऐकावं लागेल, आणि ते जरा लांबलचक आहे.

ऑक्टोबर संपता संपता सुरुवात झाली. इथे हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो, त्यामुळे सगळ्याच सुस्तावतात. आमच्या वसतिगृहात अर्ध्या मुली सकाळी टेबलावर एक पांढरा झगझगीत दिवा लावून बसतात. दहा हजार लक्सचा, अर्धा तास समोर ठेवायचा. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्यावरचा तो खरोखरचा उपाय आहे, फॅड नाही. मलाही वाटलं, अंधाराचाच परिणाम असणार. शेजारणीचा दिवा उसना आणला आणि आठवडाभर त्याच्यासमोर डोळे मिटून बसले. काही झालं नाही.

झोप दिवसाला चौदा तासांवर गेली. उठायचं कारण सापडेना. आंघोळीला जायचं तर आधी पांघरूण काढायचं, मग टॉवेल शोधायचा, मग चपला, मग दार, मग तो लांब बोळ, अशी यादी डोक्यात सुरू व्हायची आणि टॉवेलपाशीच मी दमायचे. केस कितीतरी दिवस विंचरले नव्हते. शेवटी मागचा गुंता सुटेचना, तेव्हा कात्रीने कापून टाकला. आई, तू व्हिडिओवर म्हणालीस, "अगं, आखूड केस छान दिसतात तुला." मी हसले होते, आठवतंय? फोन ठेवल्यावर तासभर त्याच खुर्चीत तशीच बसून होते.

रडू येत नव्हतं, हे मुद्दाम सांगते. लोकांना वाटतं नैराश्य म्हणजे रडणं. मला काहीच वाटत नव्हतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वारले, ती माझ्याजवळ बसून हमसून हमसून रडत होती आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, हिचं कधी एकदा रडून संपेल म्हणून. त्या रात्री मात्र मला माझी भीती वाटली. मी अशी नव्हते. तुम्हाला माहितीय मी कशी होते.

विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र आहे, विद्यार्थ्यांसाठी. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा तर आतून येणाऱ्या बाईंनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं आणि मी त्यांना विचारलं, "ग्रंथालय कुठे आहे?" ग्रंथालय माझ्या पाठीमागेच होतं, चांगलं सहा मजली. तिसऱ्यांदा आत गेले ती केवळ बाहेर पाऊस होता म्हणून. पुढे ही हकिकत मी माझ्या समुपदेशक बाईंना सांगितली तर त्या म्हणाल्या, निम्मी माणसं अशीच कुठल्यातरी फालतू कारणाने आत येतात, कारण कुठलंही चालतं.

पहिल्या दिवशी एक कागद भरायला दिला. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे: कशात रस वाटला नाही का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन. एकूण सत्तावीसपैकी माझे एकोणीस झाले, आणि इथे जास्त म्हणजे वाईट. परीक्षेत इतके कमी पडले असते तर तुम्ही विचारलं असतंत, "बाकीचे आठ कुठे गेले?"

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे मी "अजिबात नाही"वर खूण केली होती. बाबा, ते खरं नव्हतं. हे लिहिताना हात थांबतोय, पण न लिहिता पुढे गेले तर बाकीच्या पत्राला अर्थ राहत नाही. मी काही केलं नाही, करायच्या बेतातही नव्हते. पण "सकाळी उठलेच नाही तर बरं होईल" असं रोज रात्री वाटायचं, आणि ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वावगं आहे असंही वाटेनासं झालं. चौथ्या भेटीत बाईंना खरं सांगितलं. मला वाटलं होतं त्या घाबरतील, कुणालातरी बोलावतील. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि एकेक विचारत गेल्या: कधीपासून, किती वेळा, काही ठरवलं होतं का, अशा वेळी कोणाला हाक मारू शकशील. मग आम्ही दोघींनी मिळून एका कागदावर लिहून काढलं की तसं वाटायला लागलं तर आधी काय करायचं, मग कोणाला उठवायचं, मग कुठल्या नंबरला फोन करायचा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. आता तसे विचार येत नाहीत. आले तर लपवणार नाही, हा शब्द तुम्हाला देते.

त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. साधे, सर्दीखोकल्याचे असतात तसे. त्यांनी आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला लावलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही माणूस असाच गळून जातो. सगळं ठीक आलं. मग प्रश्न विचारला: "तुमच्या घरात कुणाला असा त्रास होता? आईवडील, भावंडं, काका, मावशी, आत्या?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलायचं म्हणून नाही म्हणाले. मला खरंच आठवलं नाही. आपल्या घरात आत्या "लहरी" होती. "तिचं मन लागत नाही" असं असायचं, "तिला थायरॉईड आहे" असं असायचं. आजार हा शब्द तिच्याबाबतीत मी कधी ऐकलाच नव्हता, तर तो कागदावर कसा येणार?

डॉक्टरांनी सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केली, पन्नास मिलिग्रॅम. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात हे सांगितलं. पंचविशीच्या आतल्या पेशंटला ही गोळी सुरू केली की पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, काहींचे वाईट विचार आधी वाढतात, म्हणून दर आठवड्याला नर्सचा फोन यायचा. तीन आठवडे काहीच नाही. नुसती मळमळ. आणि पाचव्या आठवड्यात मी बरी झाले.

बरी कसली, पार सुटलेच. फेब्रुवारीतले ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मी रोज फोन करायचे, कधी कधी दोनदा. तुम्हाला पहाटे उठवलं, छोटूला त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा आराखडा काढून पाठवला, आईला म्हणाले की मी आता पीएचडीही करणार आणि चित्रंही काढणार. आई, तू शेजारच्या काकूंना सांगत होतीस ते मला फोनवर ऐकू आलं: "आमची पोर परत आली गं." त्या आठवड्यात मी रात्री तीन तास झोपत होते आणि दमत नव्हते. प्रबंधाची चाळीस पानं लिहिली, त्यातली दोनसुद्धा आता वाचवत नाहीत. एका रात्रीत तीन महिन्यांची शिष्यवृत्ती खर्च केली: रंग, पुस्तकं, आणि मला चालवता न येणारी एक सायकल. सायकल परत घेतली त्यांनी. रंग नाही घेतले.

ओळखलं ते माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीने. ती म्हणाली, "तू बोलताना श्वास घेत नाहीस." मला इतका राग आला की मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि ते दोन दिवस मी भिंतीशी, आरशाशी, फोनशी बोलत होते. मग तिनेच माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे माझ्या चपला माझ्यापुढे आणून ठेवल्या.

गोळी बंद झाली आणि मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. या पन्नाशीच्या बाई आहेत, बोलायला सावकाश. पहिली भेट दीड तासाची. त्यांनी कालच्याबद्दल फार विचारलं नाही, मागचं विचारलं. कधी असं झालंय का, सलग चार दिवस किंवा जास्त, की झोप कमी आणि उत्साह जास्त, बोलणं भरभर, डोक्यात कल्पनांची गर्दी, खर्च, चिडचिड? गोळी सुरू करण्याच्या कितीतरी आधी?

तेव्हा मला कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. मी आठवडाभर जवळजवळ झोपले नव्हते. तीन विषयांच्या सगळ्या वह्या नव्याने उतरवून काढल्या होत्या, चार रंगांच्या पेनांनी, समासात नक्षी काढून. बाबा, तुम्ही त्या येईल त्याला दाखवत होतात. माझी छाती फुगली होती. आणि आत्या आतल्या दाराशी उभी होती. तिने वह्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिला झोपवा." एवढंच. तुम्ही आणि आईने एकमेकांकडे पाहिलंत. मग तुम्ही वह्या मिटवल्यात आणि विषय बदललात. पुढच्या महिन्यात मी कॉलेजला जायची बंद झाले, तेव्हा तुम्ही "ताण आलाय" म्हणालात.

आजाराचं नाव बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर, कधी फार खाली जातं. माझा दुसऱ्या प्रकारचा. पहिल्या प्रकारात उन्माद पूर्ण वाढतो, निदान आठवडाभर टिकतो, कधी इस्पितळात न्यावं लागतं. दुसऱ्यात वरची बाजू सौम्य असते, तिला हायपोमेनिया म्हणतात, पण खालची बाजू तितकीच खोल, कधी जास्त लांब. साधं नैराश्य आणि यातलं नैराश्य दिसायला अगदी सारखं. माणूस डॉक्टरकडे जातो तो खाली असताना. वर असताना कोण जातं? तेव्हा तर वाटतं, आपण आयुष्यात पहिल्यांदा ठणठणीत आहोत. म्हणून नीट निदान व्हायला अनेकांची वर्षंच्या वर्षं जातात, आणि तोवर मिळते ती नुसती नैराश्याची गोळी, जी काहींना माझ्यासारखी पलीकडे ढकलते. तो दिवासुद्धा जपून वापरायचा असतो म्हणे, तोही ढकलू शकतो. चूक पहिल्या डॉक्टरांची नव्हती. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. उत्तर चुकलं माझं, आणि मला ते उत्तर माहीत नव्हतं.

आता मूळ मुद्दा.

सध्या मी रात्री क्वेटियापिन नावाचं मन स्थिर ठेवणारं औषध घेते. चालतंय, पण सकाळी डोकं ओल्या पोत्यासारखं जड असतं आणि वजन वाढतंय. पुढे बरीच वर्षं घ्यायचं औषध कोणतं, ते पुढच्या महिन्यात ठरेल. एक औषध, व्हॅल्प्रोएट, माझ्या वयाच्या मुलींना शक्यतो देतच नाहीत, पुढे मूल व्हायचं असेल तर गर्भाला फार धोका. दुसरं लॅमोट्रिजिन, ते अगदी मुंगीच्या पावलाने वाढवावं लागतं, अंगावर पुरळ येऊ नये म्हणून. आणि तिसरं लिथियम. हो, मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच, पण क्षाराच्या रूपात. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये दहा उन्मादाच्या रुग्णांवर वापरून ते छापलं. इतक्या वर्षांत नवी नवी कितीतरी आली, तरी हे जुनं औषध अजून पहिल्या रांगेत आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबद्दल त्याचा जितका पुरावा आहे तितका फार थोड्या औषधांचा आहे. मी वाचत बसले तेव्हा डेन्मार्कच्या मॉगेन्स स्काऊ या डॉक्टरांबद्दल कळलं. १९५४ साली त्यांनी लिथियमची पद्धतशीर चाचणी छापली. त्यांच्या सख्ख्या भावाला वारंवार नैराश्य यायचं, आणि पुढे तो लिथियमवर बरा राहिला. ते वाचून मी पुस्तक मिटलं. मला तुम्ही आणि आत्या दिसलात.

पण ते नंतर. आधी डॉक्टरबाई लिथियमचे नियम सांगत होत्या. सुरू करण्याआधी मूत्रपिंड, थायरॉईड, कॅल्शियम तपासायचं. मग दर आठवड्याला रक्त, पातळी स्थिरावली की दर तीन महिन्यांनी. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ हवी, कमी झाली तर उपयोग नाही, फार वाढली तर विषबाधा. पाणी भरपूर प्यायचं, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच फोन करायचा. दुखण्यावर आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही, तिने पातळी चढते. हात थोडे थरथरू शकतात. आणि मग अगदी सहज म्हणाल्या, "रक्त आदल्या गोळीनंतर बारा तासांनी घेतात. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावरच घ्यायची."

तिथून पुढचं मला ऐकू आलं नाही.

मी नऊ की दहा वर्षांची असेन. तुम्ही आणि आत्या पहाटेच्या एसटीने रक्त तपासायला जायचात, दर दोन-तीन महिन्यांनी, आणि एकदा मी हट्ट करून बरोबर आले होते. आत्याने हातरुमालाच्या टोकाला एक गाठ मारली होती. मी विचारलं, पैसे आहेत का. ती म्हणाली, "गोळी." मग आत्ता का घेत नाहीस? "आधी घेतली तर मोजणारे चिडतात." काय मोजतात? ती हसली. मला तिचं हसू फार क्वचित आठवतं, पण ते आठवतं. म्हणाली, "माझ्या रक्तातलं मीठ."

दंडाला कापसाचा बोळा धरून ती बाहेर आली, नळापाशी उभी राहिली, दातांनी गाठ सोडली आणि गोळी घेतली. तुम्ही पेला धरला होतात. अर्धाच भरलेला. आत्याला नेहमी अर्धा पेला द्यायचा असा घरात नियमच होता, पूर्ण भरला तर तिच्या हातून हिंदकळायचा. तिचं डोकं दुखलं तर घरातली नेहमीची गोळी द्यायची नाही हाही नियम होता, आणि मी एकदा चुकून द्यायला गेले तर तुम्ही केवढ्याने ओरडलात. तो ओरडा मला तेरा वर्षांनी कळला, परदेशातल्या एका दवाखान्यात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. डॉक्टरबाईंनी टिशूचा डबा पुढे केला आणि त्या दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत.

थायरॉईडचं सांगत होतात तेही अगदीच खोटं नसेल. लिथियमने थायरॉईड मंदावू शकतो. असं अर्धं खरं सांगणं तुम्हाला बरं पडलं असेल.

बाबा, मला रागही आलाय, तो लपवत नाही. "अगदी आत्यावर गेलीय" हे मी लहानपणापासून ऐकत आले. अक्षरावरून, कपाळावरून, चालण्यावरून. ज्या बाबतीत गेले होते तेवढं कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतंत तर त्या पहिल्या दवाखान्यात मी "आत्या" म्हणाले असते, आणि फेब्रुवारी कदाचित टळला असता. कदाचित म्हणतेय. नक्की कुणालाच सांगता येणार नाही.

पण राग येतो त्याच्या पाठोपाठ तो पेलाही आठवतो. इतकी वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी रजा टाकून तुम्ही तिला घेऊन गेलात. ती गेली तेव्हा न्यूमोनियाने गेली, घरात, तुमच्या सगळ्यांमध्ये. एवढ्या काळात तिला कधी इस्पितळात ठेवलेलं मला तरी आठवत नाही. तुम्ही तिचा आजार लोकांपासून झाकलात, पण तिच्यापासून पळाला नाहीत. मला तुमच्याकडून ते दुसरं हवंय, पहिलं नको.

आई, आता तुझ्यासाठी, कारण तू इथवर येईपर्यंत तीनदा डोळे पुसले असशील. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही. हा आजार शंभरातल्या साधारण एक-दोघांना होतो, रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते, पण अगदी एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला असतो आणि दुसऱ्याला नसतो. कुणाच्या धाकाने, लाडाने किंवा लांब पाठवल्याने होत नाही. वयही हेच असतं. अमेरिकेतली २००५ साली छापलेली एक मोठी पाहणी सांगते की मानसिक आजारांपैकी तीन-चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. "परत ये" म्हणू नकोस. विभागाने मला प्रबंधाला मुदत वाढवून दिली आहे, दर आठवड्याला समुपदेशन चालू आहे, आणि इथली डॉक्टर मला पटली आहे, जे सोपं नसतं. यायची गरज पडली तर मीच सांगेन. डॉक्टर तुम्हाला माझ्या परवानगीशिवाय काही सांगणार नाहीत, मी सज्ञान आहे. म्हणून मी त्यांना लेखी परवानगी देऊन ठेवली आहे की कधी मी फोन उचलत नसेन तर तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता. आणि तुला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं, घरातल्या कुणाशी नाही, तर तिकडे १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा, नंबर आहे. मराठीत बोलता येतं, चोवीस तास.

माझा दिवस आता फार कंटाळवाणा झालाय. रोज सातला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. दहाला दिवा बंद. रोज रात्री एका चौकटीच्या वहीत तीन आकडे लिहायचे: किती तास झोप, गोळी घेतली की नाही, आणि मन उणे तीन ते अधिक तीनमध्ये कुठे. आजचं उणे एक आहे. पत्रामुळे असेल. मला पूर्वी वाटायचं मनाला काय आकडे लावायचे, पण त्या वहीत एक गोष्ट उघडीनागडी दिसते: माझं आधी मन बिघडत नाही, आधी झोप बिघडते, आणि मन दोन दिवसांनी तिच्या मागे जातं. आत्याला वहीशिवाय हे कळत होतं.

छोटूलाही सांगा. तो सतराचा आहे, बाळ नाही. घाबरवू नका, त्याला काही होणारच आहे असंही नाही. एवढंच सांगा की घरात हे आहे, नाव अमुक आहे, आणि कधी सलग तीन-चार दिवस झोप न घेता तो दमेनासा झाला, किंवा दोन आठवडे उठवेनासं झालं, तर त्याने मला फोन करायचा. आणि डॉक्टरने विचारलं तर "नाही" म्हणायचं नाही.

आता मला हवंय ते. लिथियम सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, पण ज्याला चांगलं लागू पडतं त्याच्या नात्यातल्यांनाही ते पडण्याची शक्यता जास्त दिसते. म्हणून डॉक्टरबाईंना आत्याचं नीट कळायला हवंय. ती घेत होती ते लिथियमच होतं का? किती, कधीपासून? त्याआधी ती कशी होती, आणि नंतर किती वर्षं बरी राहिली? मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला होता का? सुरू करण्याआधी तिने कधी स्वतःला काही करायचा प्रयत्न केला होता का? हे शेवटचं विचारायला मला जड गेलं, तुम्हाला सांगायला त्याहून जड जाईल, तरी सांगा. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागद असतील, ती काही टाकत नसे. चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट सापडले तर छोटूला फोटो काढून पाठवायला सांगा. बाकीचं मात्र तुम्हीच लिहा, तुमच्या हाताने. भेट पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे.

आणि हे डॉक्टरबाईंसाठी नाही, माझ्यासाठी. त्या दिवशी ती "हिला झोपवा" म्हणाली, तेव्हा रात्री तुम्ही तिघं माजघरात उशिरापर्यंत बोलत होतात. मी जागीच होते. काय ठरलं होतं तुमचं?

पावणेदहा झाले. दिवा बंद करायला हवा, नाहीतर उद्या वहीत आकडा दिसेल.

तुमची,
आत्यावर गेलेली

ता. क. ट्रंकेची किल्ली शिवणयंत्राच्या डाव्या खणात असायची, दोऱ्यांच्या रिळांखाली. तुम्ही हलवली नसेल तर अजून तिथेच असेल.